परातीएवढी चावी
सोनेरी स्प्रेचा वास आला की मला कात्रजच्या पुढची आमची संक्रमण शिबिरातली पत्र्याची खोली आठवते. सरकार आणि बिल्डर मिळून आमच्या वस्तीच्या जागी इमारत बांधणार होते, तोवर आम्हाला तिथं ठेवलं होतं. वडिलांना दमा. पत्रा तापला की ते डोक्यावर ओला टॉवेल घेऊन दारात बसायचे. अशात चावीवाटपाचा कार्यक्रम ठरला. वस्तीतली पहिली पदवीधर मी, म्हणून पहिला मान आमच्या घराला. मांडवात सरकारी साहेब आणि बिल्डर एकाच सोफ्यावर बसले होते. दोघांनी मिळून आईच्या हातात परातीएवढी, सोनेरी स्प्रे मारलेली थर्माकोलची चावी दिली, फोटो निघाले. आई ती छातीशी धरून पायऱ्या उतरली, तर बिल्डरचा माणूस मागोमाग आला. “मावशी, ती ठेवा इथं. उद्या हिंजवडीला कार्यक्रम आहे.” “मग आमची खरी चावी?” मी विचारलं. “अहो ताई, शिकलेल्या ना तुम्ही? आधी इमारत तर होऊ द्या.” आम्ही परतलो तेव्हा वडील धुतलेला सदरा घालून, ट्रंक दोरीनं बांधून बसले होते. “कुठंय चावी?” आईनं नुसते तळहात पुढे केले. रंग ओला होता, तो हाताला लागला होता. वडिलांनी ते हात पाहिले आणि ट्रंकेची दोरी सोडायला घेतली. त्याच उन्हाळ्यात, त्याच पत्र्याखाली ते वारले. इमारतीचे नुसते खांब अजून उभे आहेत, कामावर जाताना मला बसमधून दिसतात. कुंपणावर कार्यक्रमाचा मोठा फोटो लावलाय. त्यात आई हसतेय.