अर्धी तळटीप

मला तळटिपा द्यायची भारी हौस होती. पुण्यात रशियन शिकले तेव्हापासूनची. ड्युसेलडॉर्फमध्ये एका भाषांतराच्या ब्युरोसाठी मी रशियन कागदांचं इंग्रजी करते. जन्मदाखले, घटस्फोट, असलंच सगळं. कागदाखाली बारीक अक्षरात काहीतरी समजावून सांगितलं की आपण वकिलाच्या वरताण आहोत असं वाटायचं.

त्या हिवाळ्यात रशियाहून आलेल्या एका आजींचं काम आलं. त्यांची मुलगी आणि जावई अपघातात गेले होते, नात त्यांच्याजवळ वाढत होती. धाकटी मुलगी कॅनडात. दोघींना तिच्याकडे जायचं होतं, आणि व्हिसासाठी आजी हीच नातीची कायदेशीर पालक असल्याचा रशियन हुकूम इंग्रजीत हवा होता. तिकडच्या कायद्यात लहान मुलांच्या पालकत्वाला ‘ओपेका’ म्हणतात. मूल चौदाचं झालं की शब्द बदलतो, ‘पोपेचीतेल्स्त्वो’ होतो, कारण मग ते स्वतः सही करतं आणि पालक फक्त संमती देतो. इंग्रजीत दोन्हीला मी ‘गार्डियनशिप’च लिहिते. तेवढ्यावर गप्प बसेन तर मी कसली! खाली टीप ठोकून दिली : हे पालकत्व चौदा वर्षांखालील मुलांसाठी असते. सही, शिक्का, झालं काम.

तीन आठवड्यांनी आजींचा फोन आला. व्हिसावाल्यांचं पत्र येऊन चार दिवस झाले होते, नात म्हणे मला कळत नाही, तर मी वाचून सांगेन का? त्यांनी पाठवलेला पत्राचा फोटो मी उघडला. नात मागच्याच महिन्यात चौदाची झाली होती. माझ्या टिपेवर बोट ठेवून व्हिसावाल्यांनी लिहिलं होतं, की आजींचं पालकत्व संपलेलं दिसतं. मुलीचा सध्याचा कायदेशीर पालक कोण ते कळवा, कुणी नसेल तर युगेंडआम्टकडे जा. युगेंडआम्ट म्हणजे इथलं मुलांचं सरकारी खातं.

खरं तर चौदावं पूर्ण झालं की तोच पालक आपोआप पुढे चालू राहतो, नवा हुकूम लागत नाही. हे मला माहीत होतं. माहीत होतं हो! पण ते दुसरं वाक्य लिहायचा मी कंटाळा केला.

“काय म्हणताहेत?” आजींनी विचारलं.

“अजून एक कागद मागताहेत,” मी म्हटलं. घाबरून खोटं बोलले, दुसरं काय.

संध्याकाळी नवरा गिअरबॉक्सच्या कारखान्यातून आला, त्याला सगळं सांगितलं. “हे बघ, चुकलंय तर दुरुस्त कर की,” तो बूट काढता काढता म्हणाला. “त्यात काय एवढं?”

“तो तुझा गिअरबॉक्स नाहीये!” मी खेकसले. “त्या बाईंची नात काढून घेतली तर?”

तोंडाने नात म्हणत होते, पण सांगायला लाज वाटते, पहिली भीती माझ्या शिक्क्याची होती. चूक लेखी कबूल केली तर ब्युरो मला पुन्हा उभं करेल का? जेवण गेलं नाही. सकाळी उठून एका दमात दुरुस्तीपत्र लिहिलं. कायद्याचं कलम घातलं, टीप अपुरी होती आणि चूक माझी आहे असं स्वच्छ लिहिलं, आणि ट्राम पकडून आजींच्या घरी गेले.

बेल वाजवली. आत पावलं वाजली, मग काहीच नाही. मी रशियनमध्ये नाव सांगितलं तेव्हा कुठे नातीनं दार किलकिलं केलं. आजी दुकानात गेल्या होत्या. घरात असूनही तिच्या अंगात कोट होता, पायात बूट होते, जणू कुणी न्यायला येईल म्हणून तयार.

“ते खालचं बारीक तुम्ही लिहिलंत ना?” तिनं विचारलं. “मला येतं इंग्रजी. आजीला मुद्दाम नाही सांगितलं.”

चार-पाच दिवस ही पोर एकटीच ते घेऊन बसली होती.

“तुम्ही मला तेरा वर्षांची लिहाल का?” ती म्हणाली. “मी कुणाला सांगणार नाही.”

मी तिथंच चपलांच्या स्टुलावर बसले. म्हटलं, “अगं, तू चौदाचीच राहा. आजी तुझीच आहे, कायद्यानंसुद्धा. मीच अर्धवट लिहिलं. चूक माझी आहे, तुझ्या वयाची नाही.” आणि पत्र तिच्या हातात दिलं.

पुढे ते पत्र व्हिसावाल्यांना चाललं, दोघी कॅनडाला गेल्या. पण त्या वेळी दारात मला ते माहीत नव्हतं, तिलाही नव्हतं. तिनं ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं. मग माझ्याकडे बघून विचारलं, “यात काही लिहायचं राहिलं नाही ना?”

मला पटकन ‘नाही’ म्हणवेना. “ये, बस,” म्हटलं, आणि पहिल्या ओळीपासून आम्ही दोघींनी ते पुन्हा वाचायला घेतलं.