दोरीचं दुसरं टोक

शेषराव गेल्याचा फोन आला, तेव्हा मी छावणीतल्या आमच्या टेनिस कोर्टावर कॅमेऱ्यांकडं बघत उभा होतो. दीड महिना झाला, पण अजूनही त्या कॅमेऱ्यांकडं मान वर करून बघवत नाही.

शेषराव मूळचे पिशोरचे. मातीच्या कोर्टाची निगा त्यांच्याकडं, आणि चुन्याच्या रेघा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. सकाळी दोरी ताणायची, एक टोक त्यांच्या हातात, दुसरं माझ्या. तिकडून ओरडायचे, ‘‘सर, कशी हाय?’’ मोबाइलमधून डोकं न काढता मी म्हणायचो, ‘‘सरळ!’’ वर्षानुवर्षं असंच... नावाला प्रशिक्षक, कामाला आळशी.

यंदा स्पर्धेसाठी चेंडू आत पडला की बाहेर, हे सांगणारे कॅमेरे बसले. ते आधी रेघा मोजतात, हे कळल्यावर शेषरावांनी असा धसका घेतला की त्यांचं जेवणच तुटलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन ते टाळत होते. ‘‘मला कमी दिसतंय, हे मशीनला कळंल का हो?’’ मी हसण्यावारी नेलं. मोजणीत मागची रेघ एका कोपऱ्यात दोन बोटं आत निघाली. त्या कोपऱ्यात दोरीचं टोक माझ्याच हातात होतं. ‘‘कॅमेराच तिरका बसलाय,’’ मी त्यांना ठोकून दिलं. ते माझ्याकडं बघत राहिले. ‘‘व्हय का?’’ म्हणाले आणि सायकल काढून पडेगावला घरी गेले.

दोन दिवसांनी पुन्हा मोजणी झाली. रेघ अगदी सरळ! म्हणजे खरंच कॅमेरा चुकला होता, सुटलो बुवा, असं वाटतंय तोवर फोन वाजला. शेषराव सकाळी कोर्टावरून घरी आले, चहा मागितला आणि बसल्या जागी गेले.

भेटायला त्यांच्या घरी गेलो तर वहिनी म्हणाल्या, ‘‘त्या दिशी सकाळी मलाच नेलं कोर्टावर, रेघ पुन्हा माराया, दोरी धराया. दहादा इचारलं, नीट बघून सांग म्हणून.’’

‘‘मला का नाही बोलावलं?’’

‘‘म्हणले, सर लई चांगले हायेत... पण बघत नाईत.’’

दोरी आता माझ्याकडं आहे. एक टोक खिळ्याला बांधतो, दुसऱ्यापाशी गुडघे टेकून बघतो, उठतो, पुन्हा बघतो. कॅमेरे सरळ म्हणतात, तरी आणखी एकदा वाकून बघतो. माझ्या खोट्यानं तर नाही ना गेले ते... पलीकडून कुणी विचारत नाही. आज विचारलं असतं, तर बघून सांगितलं असतं.