विरूपाक्ष भावजींच्या कानावरच्या गाद्या

मी फुलवाती वळायला बसले होते. निम्म्या झाल्या होत्या, उरलेला कापूस परातीत तसाच होता, तेवढ्यात विरूपाक्ष भावजी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, देवाला थोड्या कमी वाती चालत्याल का? कापूस पाहिजे होता."

मला वाटलं कानामागं लावायला मागतायत. त्या उन्हाळ्यात त्यांच्या दोन्ही कानांच्या मागची कातडी सोलवटून निघाली होती. खोबरेल लावून झालं, हळद झाली, मेडिकलवाल्याचं मलम झालं, आणि रोज पहाटे पुन्हा तेच. पण कापूस कानासाठी नव्हता. हातात त्यांचा कामाचा हेडफोन होता, आणि कानावर बसतात त्या त्याच्या गोल गाद्या फाटून आतला स्पंज बाहेर आला होता.

विरूपाक्ष माझे धाकटे दीर. लातुरात त्यांना नावानं ओळखणारे थोडे, पण ज्या गल्लीत ते एकदा काम करून गेले तिथल्या बायका त्यांना विसरत नाहीत. रस्त्याखालच्या पाइपातून पाणी कुठं गळतंय ते वरून ऐकून सांगायचं, हे त्यांचं काम. आमच्याकडं नळाला पाणी यायचं म्हणजे बाया हंडे घासून वाट बघत बसतात, आणि तेच पाणी खाली मातीत जात असलं तर जिवाला लागतं. भावजी एका ठेकेदाराकडं. आधी पाइप जोडायचे, मग तिथल्याच एका म्हाताऱ्या माणसानं त्यांना ऐकायला शिकवलं. लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. मुलीकडचे विचारायचे, मुलगा करतो काय? आमचे हे, म्हणजे गुरुपादप्पा, सरळ सांगायचे की जमिनीला कान लावून बसतो. ह्यांची नेहमीची थट्टा होती की आपल्या घरात एकच माणूस ऐकण्याचा पगार घेतो आणि घरात कुणाचंच ऐकत नाही. भावजी हसायचे आणि भाकरी मोडायचे.

काम पहाटेचं. गाड्या सुरू व्हायच्या आत, लाइनीत पाणी असताना. हत्तीच्या पायासारखा एक माईक रस्त्यावर टेकवायचा, खांद्याला डबा, डब्यावर आवाज वाढवायची खुंटी, आणि कानावर हा हेडफोन. चार पावलं पुढं, टेकव, ऐक. मधल्या वेळात हेडफोन गळ्यात अडकवायचा. लोखंडी पाइप गळत असला तर आवाज चढा येतो, शिट्टीसारखा. प्लास्टिकचा गळत असला तर खालचा, जाड, पोटात गुरगुरल्यासारखा. आता सगळीकडं प्लास्टिकच पडलंय. आणि तो जाड आवाज गादी कानाला चहूकडून चिकटून बसली तरच मिळतो. मला त्यांनी माझ्याच भाषेत समजावलं होतं, की कुकरची रिंग ढिली झाली की वाफ जाते ना, तसा तो जातो.

त्यांच्या गाद्या रेक्झिनच्या होत्या. ऊन आणि घामानं त्यांचे पापुद्रे निघायचे. काळे कण कानाला चिकटायचे, मला ते उशीच्या अभ्र्यावर सापडायचे. आतला स्पंज बसून गेला, मग खालचं कडक प्लास्टिक थेट कानावर. त्यांच्या मुकादमाला, उमाशंकरला, त्यांनी विचारून पाहिलं. तो म्हणाला यंत्र जुनं आहे, नुसत्या गाद्या कुठं मिळत नाहीत, भागवून घ्या.

तर आम्ही भागवलं. ट्रंकेत मामंजींचं पूजेचं धोतर होतं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. त्याच्या दोन गोल पिशव्या मी हातानं शिवल्या, वातींचा कापूस पिंजून आत भरला आणि जुन्या गादीवर घट्ट ओढून दोरा घातला. पहिल्याच दिवशी भावजी कामावरून आले ते कानाला हात न लावता. हळूहळू जखमा वाळल्या. किती दिवसांनी माणूस कुशीवर झोपला. मी देवापुढं ज्यादा दिवा लावला.

एकदा अंगणात त्यांनी मला ऐकायला दिलं. आमच्याच नळाच्या पाइपावर माईक टेकवला. कानाला इतकं मऊ की काही घातलंय असं वाटेना. पण आत पाण्याचा आवाज लांबून, आणि रस्त्यावरची ऑटो मात्र जवळून. भावजींनी खुंटी फिरवली, अजून फिरवली, पार शेवटाला नेली. मी हेडफोन काढूनच टाकला. एवढा मोठा ऐकता, म्हणून विचारलं.

"कपड्यातून आवाज भायेर जायलाय, वहिनी. जेवढा जातो तेवढा वाढवायचा."

सांगताना ते नेहमीसारखेच होते, त्यामुळं मलाही त्यात काही वाटलं नाही.

आमच्या ह्यांच्या स्कूटरची सीट फाटली होती. ती शिवायला टाकायला मी विनोदच्या दुकानी निघाले तेव्हा भावजी सोबत आले, यंत्र घेऊनच. विनोदचे वडील चपला शिवायचे, तो गाड्यांची सीट कव्हरं शिवतो. जिभेनं तिखट, हातानं साफ. त्यानं आमची कापसाची गादी उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं की ही गोधडी कुणी शिवली. भावजींनी माझ्याकडं बोट केलं. मग तो कामाला लागला. जुनं माप घेतलं, नवा स्पंज कापला, फळीखालून एक काळा तुकडा काढला आणि आम्ही बाकड्यावर बसलेले असतानाच दोन गाद्या शिवून हेडफोनवर चढवल्या.

भावजींनी कानावर घातल्या. माईक दुकानाच्या फरशीवर ठेवला, खुंटी अगदी थोडी उघडली आणि डोळे मिटले. मी त्यांना त्यांच्या लहानपणापासून बघत आलेय, लग्न होऊन आले तेव्हा ते शाळेत होते, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. तहानलेल्याला पाणी दिल्यावर होतो तसा. शेजारच्या हॉटेलात मोरीतला नळ ठिबकतोय, एवढंच म्हणाले. विनोद खरंच बघून आला. ठिबकत होता.

मग सवयीनं त्यांनी हेडफोन गळ्यात उतरवला. आम्हा लिंगायतांच्या गळ्यात इष्टलिंग असतं. भावजींचं चांदीच्या छोट्या डबीत, शिवदोऱ्यात. ती गादी बरोबर त्या डबीवर टेकली. त्यांनी बोटानं दाबून पाहिली.

"कसलं रेक्झिन हाय हे? लई मऊ हाय."

"रेक्झिन कुठलं," विनोद म्हणाला. "कातडं हाय. मेंढीचं. जन्मात तडकायचं न्हाई."

भावजींनी हेडफोन काढून फळीवर ठेवला. दोन्ही हातांनी, हळू. नको म्हणाले.

विनोदनं त्यांच्या पायांकडं पाहिलं. "पायताण कशाचं हाय मग?"

"पायात चालतं. गळ्यात न्हाई."

मग विनोदनं खालच्या आवाजात विचारलं, "कातडं हाय म्हणून, का माझा हात लागला म्हणून?"

"तुझ्याच हातानं रेक्झिनचं करून दे," भावजी म्हणाले. "आता घालून जातो."

त्यानं करून दिलं. पण त्याच्याकडचं रेक्झिन सीटचं, जाड. एवढ्याशा गोलाला वळेना, चुण्या पडल्या, त्या चुण्यांतून आवाज जायचा आणि भरत आलेल्या जखमेवर त्याच बोचायच्या. दोन दिवस काढले भावजींनी, मग माझ्या कापसाच्या पिशव्या परत चढवल्या. कातड्याच्या गाद्या विनोदनं ठेवून घेतल्या. हे माप दुसऱ्या कुणाच्या कामाचं नाही, पडून राहतील, म्हणाला.

मी भावजींशी बोलले. मीही रोज लिंगपूजा केल्याशिवाय पाणी घेत नाही, तरी बोलले. आपल्या शरणांमध्ये, म्हणजे जुन्या संतांमध्ये, चामड्याचं काम करणारेही होते, त्यांना कुणी कमी लेखलं नाही, उलट डोक्यावर घेतलं. मग तुमचं काय अडतं?

"ते शरण होते, वहिनी," भावजी म्हणाले. "त्यांच्या हातात कातडं सुदिक पवित्र झालं. मी साधा माणूस. मला आपला नेम हाय तेवढाच हाय."

हातात धरा, गळ्यात नका अडकवू, असंही सुचवलं. एका हातात माईक, दुसरा खुंटीवर, तिसरा कुठून आणू, म्हणाले. नेम ज्याचा त्याचा असतो. मोडायला लावणारी मी कोण?

पावसाळा कोरडाच गेला. पाणी लांबलं आणि भावजींचं काम वाढलं. एका गल्लीत ते खुंटी शेवटाला नेऊन ऐकत होते, आणि पलीकडं खड्डा खणणाऱ्या गड्याच्या हातून पहार सुटून उघड्या पाइपावर पडली. माईक हातभर अंतरावर. हे आम्हाला फार नंतर कळलं, त्या गड्याकडूनच. भावजी रस्त्यात मटकन खाली बसले, म्हणे. मग उठले आणि हात हलवून काम चालू ठेवायला सांगितलं. घरी येऊन जेवले. ताट जरा लवकर बाजूला सारलं, एवढंच मला आठवतं.

मग छोट्या छोट्या गोष्टी होत गेल्या. भाकरी वाढू का विचारलं तर उत्तर नाही, पुन्हा विचारलं की मान वळवून बघायचे. बोलताना डावी बाजू पुढं करायला लागले. हे म्हणाले, पाहा, आता तर पगार घेऊनही ऐकत नाही. भावजी हसले, पण सगळ्यांचं हसू संपल्यावर.

त्यांनी दाखवलेल्या जागी खड्डा खणला आणि खाली कोरडी माती निघाली. आणखी एके ठिकाणी तसंच झालं. त्या गल्लीतल्या बायकांनी त्यांना काय काय ऐकवलं ते मी इथं लिहीत नाही. रस्ता फोडलेला, पाणी नाही, त्यांचंही खरं होतं. उमाशंकर घरी आला, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि आमच्या ह्यांना बाजूला घेऊन म्हणाला की विरूपाक्षचं लक्ष नाही, ठेकेदार विचारायलाय. दिवाळीपर्यंत बघतो, मग यंत्र दुसऱ्याला द्यावं लागेल. भावजी ओट्यावरच होते. त्यांनी ते ऐकलं की नाही, मला तेव्हा कळलं नाही.

कळलं ते आमच्या हौदापाशी. त्या दिवशी बऱ्याच खंडानं नळ आला होता. हौदात पाइप सोडून मी पूजेला बसले. भावजी हौदाच्या कट्ट्यावर माईक पुसत होते, म्हणून मी निर्धास्त. कपाळाला विभूती लावते तोच शेजारीण भिंतीपलीकडून हाका मारायला लागली, अहो पाणी चाललं, पाणी चाललं. मी ओल्या हातानंच धावले. हौद भरून वरून वाहत होता. धो धो. फाटकाबाहेर रस्त्यावर ओहोळ गेलेला. आणि भावजी त्याच कट्ट्यावर, हौदाकडं उजवा कान करून, खाली मान घालून माईक पुसत बसलेले.

पाणी त्यांच्या पायाला लागलं तेव्हा त्यांनी खाली पाहिलं. मग हौदाकडं. मग माझ्याकडं.

"कधीपास्नं, वहिनी?"

मी पाइप काढून नळ बंद केला. सगळ्या गल्लीची गळती शोधणारा माणूस, आणि त्याच्या शेजारून स्वतःच्या घरचं पाणी वाहून गेलं. ते उठले, खराटा घेतला आणि अंगणातलं पाणी तुळशीकडं, पेरूच्या बुंध्याकडं लोटत राहिले. बराच वेळ. अंगण कोरडं झालं तरी लोटत होते.

कानाच्या डॉक्टरांकडं हे आणि मी त्यांना घेऊन गेलो. काचेच्या खोलीत बसवून बारीक आवाज ऐकवले, ऐकू आलं की बटण दाबायचं. आम्ही बाहेरून बघत होतो. उजव्या कानाला लावलं तेव्हा भावजींचं बोट बटणावर तसंच ठेवलेलं राहिलं, दाबलंच नाही. डॉक्टर म्हणाले आतली नस मेलीय, ती काही परत यायची नाही. डावा अजून बराच शिल्लक आहे, पण इतक्या मोठ्यानं ऐकलं तर तोही जाईल. हे काम सोडा, असं त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा कागदावर लिहून दाखवलं. भावजींनी कागद घडी करून खिशात ठेवला.

घरी आल्यावर ह्यांनी भावजींना आपल्या दुकानात बसायचं सुचवलं. गिऱ्हाईक काय मागतंय ते ऐकू आलं पाहिजे ना, एवढं म्हणून भावजी उठून गेले. ह्यांचा चेहरा पडला. त्यानंतर घरात कुणी थट्टा केलेली नाही.

आज संध्याकाळी माझी पूजा आटपेपर्यंत ते दाराशी थांबून होते. डबी उघडून इष्टलिंग हातावर घेतलेलं होतं. पुन्हा डबीत ठेवलं, डबी सदऱ्याच्या आत सारली आणि वरचं बटण लावलं.

"विनोदकडं त्या गाद्या असत्याल का अजून?"

मी हो म्हणून मान हलवली. दोन्ही आणू का, म्हणून मोठ्यानं, त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन विचारलं.

"डाव्या कानाची आणा. उजव्याला काय करायची." सदऱ्यावरून डबीला हात लावला. "गळ्यात न्हाई अडकवणार. पुढं सरकताना काखेत धरीन. वेळ लागंल, लागू दे. हळू आवाजात जेवढं ऐकू येईल तेवढं ऐकतो, न्हाई आलं तर यंत्र उमाशंकरला देऊन येतो."

डॉक्टरांचं म्हणणं मी काढलं नाही. त्यांच्या खिशात कागद होताच. नेमाबद्दलही विचारलं नाही. मी समईत तेल घातलं. ते बाहेर ओट्यावर जाऊन बसले, डावी बाजू रस्त्याकडं करून.

उद्या सकाळी पूजा झाली की विनोदच्या दुकानी जायचं आहे, डाव्या कानाची गादी आणायला.