सॅल्टबुश मोटेलचा तलाव

नवा हायवे डोंगरापलीकडून गेला, तशी आमच्या जुन्या रस्त्यावरची मोटेलं, कॅफे, पेट्रोलपंप एकेक करत बंद पडले. वाळवंटात आता नुसत्या भिंती उरल्यात. त्यांचे फोटो काढायला लोक येतात, माझ्या गॅरेजमध्ये टायरात हवा भरून पुढे जातात. युलालिया इबारा मात्र तिथं फावडं घेऊन जायची.

सत्तरी ओलांडलेली बाई. सगळी हयात शाळेची बस चालवण्यात गेलेली. तिची आई सॅल्टबुश मोटेलमध्ये खोल्या साफ करायची आणि सुट्टीत पोरीला बरोबर न्यायची. अंगणात पोहण्याचा तलाव होता. एकदा युलालिया काठावर पाण्यात पाय सोडून बसली, तर मालकिणीनं तिच्या आईला सगळ्यांदेखत सुनावलं, मेक्सिकन पोरींसाठी नाही हे पाणी. आईनं एप्रननं मुलीचे पाय पुसले आणि पुढची खोली झाडायला घेतली.

आई गेली त्या हिवाळ्यात युलालियानं वाळूनं भरलेला तो तलाव उपसायला घेतला. जागेच्या आताच्या मालकाला फोन करून विचारलं होतं. त्याची काही हरकत नव्हती. हरकत होती ती तिच्या भावाची, नेटोची.

"अगं, वारा सुटला की पुन्हा भरणार तो. या वयात कंबर मोडून घेशील."

"भरला तर पुन्हा उपसेन. तू आधी बाजूला हो, गाडा न्यायचाय मला."

वारा सुटलाच. निम्मा तलाव परत भरला. त्या दिवशी ती माझ्याकडे आली, कॉफी प्यायली आणि जाताना मागच्या अंगणातले गंजके पत्रे मागितले. ते तिनं वाऱ्याच्या बाजूला उभे केले. आठवड्याभरानं नेटोही कुरकुरत आपलं फावडं घेऊन हजर झाला.

तळाच्या निळ्या फरशा दिसल्या, तेव्हा मी टँकर नेला. उथळ बाजूला कमरेएवढं पाणी झालं. युलालिया अंगावरच्या कपड्यांनिशी पायऱ्या उतरली आणि मधोमध जाऊन उभी राहिली. बराच वेळ.

"गार आहे का?" नेटोनं काठावरून विचारलं.

"ये आणि बघ."

तो बूट काढू लागला.

सकाळपर्यंत पाणी वीतभर खाली गेलं होतं. फरशीला चीर होती. दुपारी युलालिया माझ्याकडे सिमेंट न्यायला आली.