आत्याच्या खिडकीखालचं एंजिन

कुंभकोणात विजेचे खांब कावेरीच्या पुलापर्यंत आले आणि तिथंच थबकले. आम्ही अलीकडच्या काठावरचे. संध्याकाळी तिण्णैवर, म्हणजे घरापुढच्या ओट्यावर बसलं की पलीकडच्या बाजारातला उजेड दिसायचा आणि माझा जळफळाट व्हायचा. मी तेव्हा विशीतला होतो, बसच्या शेडमध्ये फिटरची उमेदवारी करत होतो, आणि अक्कल सगळी आपल्याकडेच आली आहे अशी माझी खात्री होती. आज त्या पोराची मला लाज वाटते. पण सांगायचं तर त्याच्याबद्दलच सांगावं लागणार.

मला वाढवलं आत्यानं. वडिलांची थोरली बहीण, लहानपणीच विधवा होऊन माहेरी परतलेली. आमच्या परसाला लागून विठोबाचा भजनमठ होता. आमचं मराठी पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात मुरलेलं. घरात ते बोलायचं, मठात ते गायचं, बाकी उंबऱ्याबाहेरचा सगळा कारभार तमिळमध्ये. मठात गायचे ते पुरुष. बायका मागे बसून ऐकायच्या, आणि आत्या तर त्यांच्याही मागे, खांबाआड. पण उत्सवातला एकूण एक अभंग तिला पाठ होता, आणि कोणत्यामागून कोणता यायचा हेसुद्धा.

एका पावसाळ्यात विहिरीच्या ओल्या दगडावर तिचा पाय घसरला आणि कंबरेचं हाड मोडलं. ते काही नीट जुळलं नाही. पुढच्या खोलीत वारा होता, आल्यागेल्याची सोबत होती. वडिलांनी तिची खाट तिथं टाकायची ठरवली, तर ती हट्टालाच पेटली. "मज कोल्लैच्या खोलींत ठेव," म्हणाली. कोल्लै म्हणजे परस. ती खोली अंधारी, कोंदट, पण तिची खिडकी मठाच्या मागच्या भिंतीकडे उघडायची. तिथून सगळं स्वच्छ ऐकू येई.

संध्याकाळी भजन सुरू झालं की तिची बोटं खाटेच्या लाकडी कडेवर ताल धरायची. सकाळी मी कॉफी घेऊन गेलो की आदल्या दिवशीचा झाडा व्हायचा. "काल भागवतरांनीं तिसरें चरण गिळलें. भूक लागली असेल." भागवतर म्हणजे मठातले मुख्य गाणारे. त्यांना मी ते सांगायचो, ते कपाळावर हात मारून घ्यायचे, आणि त्या संध्याकाळी तिसरं चरण दोनदा म्हणायचे. आत्या मठात नव्हती असं त्या दिवसांत कुणीच म्हटलं नसतं.

त्या वर्षी उत्सव जवळ आला तेव्हा मठातल्या दोन गॅसबत्त्यांपैकी एक बंद पडली होती आणि दुसरी सुस्कारे टाकत होती. मी भागवतरांना सांगून टाकलं, "या वर्षी विजेचे दिवे लावतो." ते म्हणाले, "खांब तर पुलाशी थांबलेत." मी म्हटलं, "खांबांची वाट कोण बघतंय?"

शेडच्या मागे मोडीत टाकलेली एक मोटार होती, तिचा डायनॅमो मी मालकाकडून मागून आणला. एंजिन मिळालं ते एका भात-शेतकऱ्याकडचं, पाणी उपसायचं. लहानसं, एकाच सिलिंडरचं, पण बाजूला जड चाक असलेलं. सावकाश, ठोक ठोक करत चालणारं. त्या मोठ्या चाकावरून पट्टा घेऊन डायनॅमोच्या लहानशा पुलीवर चढवला की एंजिन आरामात फिरतं आणि डायनॅमो भिंगरीसारखा. पुली कुठून आणायची हा प्रश्न होता. आमच्या गावात लोखंडकाम करणारा शोधावा लागे, पितळेचा कारागीर गल्लोगल्ली. शेवटी देवळाच्या समया ओतणाऱ्याकडूनच पुली करून घेतली. त्यानं सवयीनं तिच्या कडेला कमळाच्या पाकळ्या कोरल्या. माझ्या एंजिनाला असा दागिना होता.

पहिल्या दिवशी एंजिन चाललं, डायनॅमो फिरला, आणि बल्ब ढिम्म. डोकं फिरायची पाळी आली. मग लक्षात आलं, इतकी वर्षं पडून राहिलेल्या डायनॅमोतली चुंबकशक्ती गेलेली असणार. बॅटरीच्या दोन तारा त्याच्या फील्डला, म्हणजे आतल्या चुंबकाच्या वेटोळ्याला, क्षणभर टेकवल्या आणि परत सुरू केलं. हेडलाइटचा बल्ब आधी लालसर, मग पिवळा, मग पांढरा झाला. मी अंगणात एकटाच नाचलो. पहिल्यांदा धावत गेलो ते आत्याकडे. "पेटला?" तिनं विचारलं. "पेटला!" म्हटल्यावर तिनं माझ्या तेलकट तोंडावरून हात फिरवला आणि आपली बोटं काळी करून घेतली.

आता अडचण अशी, की बारा व्होल्टची वीज लांब जाऊ शकत नाही. तार जितकी लांब, तितके दिवे मंद. मठाच्या पुढे ठेवावं तर धूर आणि आवाज गाणाऱ्यांच्या तोंडावर. बाजूच्या गल्लीतून पालखी जायची. उरलं आमचं परस. तिथून मठाची मागची भिंत चार हातांवर होती. आणि आत्याची खिडकी त्याहून जवळ.

मला हे कळत नव्हतं असं नाही. म्हणून तर मी विचारायला गेलो. "आत्या, एंजिन इथं ठेवलं तर सत्तम होईल. चालेल?" आवाजाला आम्ही घरात सत्तमच म्हणत असू. ती जराशी थांबली. मग म्हणाली, "देवाचा दिवा तो. लाव." मला हवा तो होकार मिळाला आणि मी पळालो. ती का थांबली हे विचारायला हवं होतं. ते विचारलं असतं तर उत्तर ऐकावं लागलं असतं. माझा दोष इथूनच सुरू होतो.

उत्सवाच्या पहिल्या संध्याकाळी मठात सहा दिवे लागले. लोक पूल ओलांडून बघायला आले. विठोबाच्या कमरेवरचे हात मी पहिल्यांदा इतके लख्ख पाहिले. भागवतरांनी सगळ्यांदेखत माझी पाठ थोपटली. दुसऱ्या सकाळी कॉफी घेऊन गेलो आणि विचारलं, "काल कसं झालं?" आत्या म्हणाली, "बरवें जाहलें." इतकंच. कुणी काही गिळलं नाही, कुणाचा सूर घसरला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिला भागवतरांची एकही चूक सापडली नव्हती, आणि मला मेल्याला त्याचं काही वाटलं नाही. उलट मनात आलं, उजेडामुळे गाणंसुद्धा सुधारलं.

मग एका सकाळी ती म्हणाली, "तुझें एंजिन तालांत नाही रे. मधींच एक थाप गिळतें." मी हसलो. पण शेडमध्ये जायच्या आधी प्लग काढून बघितला, तर काजळीनं काळा झालेला. घासून बसवला, एंजिन सुरेख चालायला लागलं. मला काय कौतुक वाटलं! झोपल्या जागेवरून, नुसत्या कानानं! संध्याकाळी मठात मी ते रंगवून सांगितलं. आत्याला सगळा मठ अत्तै म्हणायचा. भागवतर म्हणाले, "म्हणजे अत्तैंनी आता माझ्याऐवजी एंजिनाच्या चुका धरल्या. सुटलो!" सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्यानं हसलो. मठभर दिवे लावणाऱ्याच्या डोक्यात मात्र एवढासा उजेड पडला नाही, की माणूस ज्याच्या चुका धरतो तेच तो ऐकत असतो.

दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, "थोडें सावकाश चालेल काय? धृपदाला घाई होते."

"सावकाश केलं तर दिवे मंद होतील, आत्या."

"सरि," ती म्हणाली. बरं, तर बरं.

धृपदाला घाई होते म्हणजे कुणाच्या धृपदाला, हे मी विचारलं नाही. म्हाताऱ्या माणसाचं काहीतरी बोलणं म्हणून सोडून दिलं.

शेवटच्या संध्याकाळी रुक्मिणीकल्याण असायचं, देवाचं लग्न. गर्दी रस्त्यापर्यंत गेली होती. ऐन वेळी पट्टा उसवायला लागला. जादा पट्टा मी आत्याच्या खाटेखाली ठेवला होता, तो घ्यायला खोलीत धावलो. खिडकीतून माझ्याच दिव्यांचा उजेड आत पडला होता. ठोक ठोक ठोक असा आवाज, इतका की खाटेखालचा पितळेचा तांब्या कापत होता. मठातलं काहीसुद्धा ऐकू येत नव्हतं. आणि आत्या डोळे मिटून, बोटांनी खाटेच्या कडेवर ताल धरून गात होती. एंजिनाच्या चार ठोक्यांना एक बोट. मी वाकलो तेव्हा कळलं, ती उत्सवाचे अभंग आठवणीनं, ओळीनं म्हणत होती. पहिल्या दिवसापासून ती हेच करत असणार. मठातलं भजन तिच्यापर्यंत पोचत नव्हतं, म्हणून तिनं आपलं भजन माझ्या एंजिनावर बसवलं होतं.

माझी चाहूल लागून तिनं डोळे उघडले. "तिकडे आतां कोणता चाललाय रे?"

मला माहीत नव्हतं. उत्सव सुरू झाल्यापासून मी त्या एंजिनाला चिकटलेलो. मीही एक अभंग ऐकला नव्हता. तेव्हा मला सगळं समजलं, अगदी लख्ख समजलं. एंजिन बंद करायला एक हात पुरे होता. गॅसबत्तीवर लग्न लागलं असतं, देवाचं काही अडलं नसतं. पण पूल ओलांडून लोक माझे दिवे बघायला आले होते. मी म्हटलं, "बघून सांगतो," आणि पट्टा घेऊन बाहेर पडलो. पट्टा बदलला, दिवे पुन्हा पांढरे झाले, मठातल्या टाळ्यांचा कडकडाट एंजिनाच्या आवाजावरूनही ऐकू आला. सांगायला परत काही मी गेलो नाही.

पुढच्या उत्सवाला आत्या नव्हती. त्यानंतर खांब पूल ओलांडून आले, एंजिन परत भाताच्या शेतात गेलं. कमळाची पुली तेवढी मी ठेवून घेतली आहे, आणि ती नजरेसमोर नको म्हणून माळ्यावर टाकली आहे. लोक अजून म्हणतात, आपल्या मठात पहिली वीज यांनी आणली. मी मान हलवतो.

त्या लग्नाच्या संध्याकाळी मंगळारती झाली, गर्दी पांगायला लागली, आणि मी परसात येऊन एंजिन बंद केलं. इतक्या दिवसांच्या गोंगाटानंतर कानांत नुसती पोकळी झाली. त्या शांततेत खिडकीतून आत्याची हाक आली. मी आत डोकावलो.

"संपलें तुमचें?" तिनं विचारलं.

"संपलं. लग्न लागलं देवाचं."

"माझे दोन राहिले," ती म्हणाली. "एंजिन थोडें चालूं ठेवतोस काय?"

मठाच्या दाराशी भागवतर शाल घेऊन माझी वाट बघत होते. माझं नाव पुकारलेलं ऐकू येत होतं.

"पेट्रोल फुकट जाईल, आत्या," मी म्हटलं.

"सरि. असूं दे," ती म्हणाली, आणि खाटेच्या कडेवरचा हात उचलून तिनं पोटावर ठेवला.