निलीच्या दारासमोरचं बाकडं

मलकाचा राग इस्राएलमधल्या ओफाकिमच्या कापड गिरणीत सगळ्यांना ठाऊक होता. ती आरडाओरडा करत नसे, नुसतं बोलणं टाकत असे. एका मुकादमाने तिच्या डब्यातल्या कालवणाच्या वासाला नाक मुरडलं, तर तो निवृत्त होईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. त्याच्या निरोपाचा केकसुद्धा तिने हातात घेतला नाही.

रोह्याजवळच्या गावातून मुंबई आणि मुंबईहून इस्राएल, असा तिचा प्रवास. नवरा जॉशुआ वारल्यावर घरात ती आणि मुलगी गिली, दोघीच. गिली सैन्यातली सक्तीची नोकरी संपवून आली तेव्हा तिचे गाल मुरुमांनी भरलेले होते. मलमं झाली, गोळ्या झाल्या. गिरणीत कुणीतरी सांगितलं, अश्दोद शहरात पार्लर चालवणाऱ्या निली नावाच्या बाईने नवं मशीन आणलंय. उजेडाच्या झोताने मुरुमांतले जंतू मरतात. गिली नको म्हणत होती. मलकानेच तिला बसमध्ये बसवून नेलं.

निलीने गिलीच्या डोळ्यांवर काळा चष्मा चढवला, गालांवर गार जेल फासलं आणि मशीनचं टोक टेकवलं. फट्‌कन उजेड पडला. गिली किंचाळली.

"थोडं झोंबणारच," निली म्हणाली आणि पुढचा झोत दिला.

संध्याकाळपर्यंत दोन्ही गालांवर मशीनच्या टोकाच्या आकाराचे चौकोनी फोड आले. कुपात खोलिम या आरोग्य विम्याच्या दवाखान्यातला डॉक्टर बघून चिडलाच. "सावळ्या कातडीवर हा उजेड फार जपून द्यावा लागतो. त्या बाईने गोऱ्या कातडीचा जोर लावलाय." डाग जातील, म्हणाला, पण वेळ लागेल, उन्हात जायचं नाही. ताडून बघायला एक फोटो मात्र काढून ठेवा. गिलीने तेवढ्यापुरता फोटो काढू दिला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

मलका अश्दोदला गेली. निलीने भरल्या दुकानात तिला उत्तर दिलं, "मशीन ठीक आहे बाई. तुम्हा हिंदी लोकांची कातडीच तसली. पोरगी उन्हात भटकली असेल."

गिऱ्हाइकांतली एक हसली.

"बरं," मलका म्हणाली आणि बाहेर पडली.

तिने तो फोटो मोठा करून घेतला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि खाली हिब्रूत लिहिलं, 'हे इथे झालं.' सुट्टी मिळेल त्या दिवशी ती निलीच्या दारासमोरच्या बाकड्यावर पुठ्ठा मांडीवर घेऊन बसू लागली. तोंडाने अवाक्षर नाही. बायका यायच्या, फोटो बघायच्या, दाराशी घुटमळायच्या आणि परत फिरायच्या. निलीने पोलिसाला बोलावलं. रस्त्यावरचं बाकडं सगळ्यांचं आहे, असं म्हणून तो निघून गेला. त्या दिवशी मलकाला घरी जाताना भूक लागली. कितीतरी आठवड्यांनी.

शेवटी निली स्वतः बाहेर आली. डोळे सुजलेले. "चुकलं माझं. मशीन विकणाऱ्याने नीट शिकवलं नव्हतं. आता तरी ऊठ. काय हवंय तुला?"

"तू काय म्हणालीस ते आठवतं? कातडीच तसली?"

"आठवतं."

"मग मी बसते."

उन्हाळा संपायच्या आत निलीची पाटी उतरली. मलकाने घरी येऊन मलिदा केला, गूळ सढळ हाताने घालून, आणि गिलीच्या दारावर थाप मारली. "बंद झालं गो तिचं दुकान!"

गिली बाहेर आली. ती आईशी हिब्रूत बोलली, अगदी हळू. "आज पोस्टात एका बाईने मला विचारलं, अश्दोदच्या फोटोतली तूच ना? इमा, मी स्वतः आरशातसुद्धा बघत नव्हते. तू मला बाजारात मांडलंस?"

मलिदा तसाच राहिला. त्याच आठवड्यात गिली यरुशलेमला बतशेवामावशीकडे राहायला गेली. फोन मावशीचा यायचा, गिलीचा नाही. बोलणं टाकणं म्हणजे काय, ते मलकाला पहिल्यांदा दुसऱ्या बाजूने कळलं.

दोन वर्षांनी पेसाखच्या सणाला गिली घरी आली. गाल स्वच्छ झाले होते. मलका तांदूळ निवडत होती. गिली समोर बसली.

"तो फोटो माझ्यासाठी घेऊन बसलीस?"

मलका खडा शोधत राहिली. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी तुझ्यासाठी. पुढे ती घाबरलेली बघायला मला गोड वाटायला लागलं. तुला तिथे नेलं मीच. ते तरी मी कुणाच्या माथी मारणार होते?"

"आता वाईट वाटतं?"

"फोटोचं वाटतं बाय. निलीचं नाही."

"निलीचं मलाही नाही वाटत," गिली म्हणाली. "पण तुझ्यावरचा राग अजून गेलेला नाही."

"नसू दे," मलका म्हणाली, आणि तिने तांदळाचं ताट थोडं गिलीकडे सरकवलं.