दोन ट्रॅक्टर आणि एक करदोडा

अमेरिका आणि रशिया यांचे तांत्रिक सहकार्य मी ऐन शीतयुद्धात प्रत्यक्ष पाहिले आहे. ते मेडशीला घडले.

फिरत्या सिनेमागाडीने दिवेलागणीला पडदा लावला होता. आधी अमेरिकन ट्रॅक्टरचा माहितीपट झाला. मग रशियन ट्रॅक्टर सुरू होताच अमेरिकन प्रोजेक्टरचा पट्टा तुटला आणि गाडीवाला सामान आवरू लागला.

माझ्यापुढे एक म्हातारा बसला होता. पडद्यावरच्या नांगरटीची खोली तो हवेत वीत धरून मोजत होता. तो उठला आणि त्याने कमरेचा करदोडाच सोडला.

"बाबा, करदोडा मेल्यावर सोडतेत!" शेजारचा ओरडला. "जित्तेपनी कायले सोडून राह्यला?"

"एकच जोडी पाहून बैल घेते काय कोनी? मले दुसरा बी पाहू दे."

तो काळा गोफ प्रोजेक्टरच्या चाकांवर घट्ट बसला आणि रशियन ट्रॅक्टर शेवटपर्यंत चालला. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. म्हातारा मात्र दोन्ही महासत्तांच्या बाबतीत तटस्थ राहिला. करदोडा गेल्यामुळे त्याचा एक हात लंगोट धरण्यात गुंतला होता.